शर्ट वाढले, पण उत्पादकता?

प्रश्न : सोलापुरात माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. कामगार तेच 24, महिन्याचे दिवसही 25च. सीझनमुळे रोज 8 ऐवजी 10 तास काम चालले आणि शर्ट 12,000 वरून 13,800 झाले. उत्पादकता 15 टक्के वाढली ना? हिशेबनीस मात्र ती घटली म्हणतात. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हिशेबनिसांचे बरोबर आहे. वाढले ते उत्पादन. श्रम-उत्पादकता काढताना एकूण नगांना कामाच्या एकूण तासांनी भागावे. आधी 4,800 तासांत 12,000 शर्ट, म्हणजे तासाला 2.5; आता 6,000 तासांत 13,800, म्हणजे 2.3. घट 8 टक्क्यांची. शिवाय कायद्याने जादा तासांची मजुरी दुप्पट दराने पडते, म्हणून वाढीव शर्ट महागच पडले असणार.

‘म्हणजे कामगार ढिले पडले’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. हा आकडा घट दाखवतो, कारण सांगत नाही. शेवटच्या दोन तासांतला थकवा, कटिंगकडून उशिरा येणारे गठ्ठे, वीज जाणे, उसवून पुन्हा शिवावे लागणारे नग, यांतले काहीही असू शकते. त्यासाठी महिनाभर तासागणिक नोंद ठेवा आणि फक्त तपासणीत पास झालेले नग धरा. शर्टाबरोबर पँटही शिवत असाल, तर नुसते नग मोजून चालणार नाही. प्रत्येक प्रकाराला लागणारी प्रमाणित मिनिटे ठरवून त्यांनी गुणा. काळजीचे कारण नाही, अडचण कुठे आहे हे नोंदींतून कळेल. तोवर जादा तास वाढवू नका.