शंकूचं चित्र बघून भुलू नका

नव्या लॅपटॉपवर डीव्हीडी लागली नाही की माणसं आधी चकतीवर संशय घेतात, मग ड्राइव्हवर आणि शेवटी दुकानदारावर. बहुतेक वेळा तिघंही निर्दोष असतात. विंडोज 7 च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत डीव्हीडी बघायची सोय आयती मिळायची. 2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि मायक्रोसॉफ्टने ती काढून घेतली. डीव्हीडीच्या चित्राला एमपेग-2 लागतं, आवाजाला डॉल्बी. त्यांची रॉयल्टी संगणकामागे मोजावी लागे आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपांना तर ड्राइव्हच नसायचा. 2015 च्या विंडोज 10 मधून मीडिया सेंटरही गेलं. थोडक्यात, संगणक धडधाकट आहे, त्यात एक प्रोग्रॅम तेवढा कमी आहे.

कोणता प्रोग्रॅम घ्यायचा, याचं उत्तर सोपं आहे आणि फुकट आहे: व्हीएलसी. तो कुठून घ्यायचा, इथे माणसं फसतात. आमचे सातारचे मामा तिथेच फसले.

मामा निवृत्त मुख्याध्यापक. कपाटात नाटकांच्या डीव्हीडी, मोसर बेअरने एकेकाळी 34 रुपयांना विकलेले सिनेमे आणि ताईच्या लग्नाची चकती, सगळं नंबर घालून ठेवलेलं. 2022 च्या पावसाळ्यात त्यांना कुणीतरी व्हीएलसी सुचवलं. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण नेमकी त्याच वर्षी फेब्रुवारीपासून व्हीएलसीची मूळ साइट, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, भारतातून उघडेनाशी झाली होती. ती पुन्हा सुरू झाली नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात साइट उघडत नाही म्हटल्यावर लोक गूगलवर जे पहिलं दिसेल तिथून उतरवून घेत होते. मामांनीही तेच केलं.

ते पान मी नंतर पाहिलं. वर व्हीएलसीचा ओळखीचा नारिंगी शंकू, खाली तीन ठळक हिरवी डाऊनलोडची बटणं. तिन्ही जाहिरातींची. खरा दुवा कोपऱ्यात, बारीक अक्षरात. जे उतरलं ते दीडदोन एमबीचं पिल्लू होतं, आणि त्याने इन्स्टॉल करताना पडद्यामागून आणखी पाहुणे आणले. ‘मान्य’चं बटण ठसठशीत, ‘नको’ फिकट राखाडी. प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली. दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर भलत्याच पानावर उघडायला लागला आणि ‘तुमच्या संगणकात गंभीर दोष आहेत, दुरुस्तीसाठी पैसे भरा’ अशा पाट्या झळकायला लागल्या.

‘‘अरे, पण शंकूचं चित्र होतं रे त्यावर!’’ मामा फोनवर म्हणाले.

‘‘मामा, चित्र कुणालाही लावता येतं. पैसे भरले नाहीत ना?’’

‘‘छे! पेन्शन आहे माझी, लॉटरी नाही.’’

ते पाट्यांना बधले नाहीत, म्हणून प्रकरण आवरलं. अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावली, त्या दिवशी घुसलेलं सगळं काढून टाकलं, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स उडवली, विंडोज डिफेंडरचा पूर्ण स्कॅन चालवला. तुमच्यावर ही वेळ आली तर याच क्रमाने जा, आणि सफाई होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचं काहीही करू नका.

व्हीएलसी मुळात 1996 मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालं. 2001 पासून ते मुक्त परवान्याखाली आहे. ते पैसे मागत नाही, जाहिराती दाखवत नाही, सोबत दुसरं काही गळ्यात मारत नाही. यातलं एकही घडत असेल तर तुमच्याकडे आलंय ते व्हीएलसी नव्हे. पत्ता स्वतः टाइप करा; शोधात वर येणाऱ्या जाहिरातीच्या ओळीवरून जाऊ नका. ‘अमुक कोडेक नाही, इथे क्लिक करा’ असा निरोप आला तर खिडकी बंद करा. डीव्हीडीला लागणारं सगळं व्हीएलसीच्या पोटातच असतं. पॉवरडीव्हीडीसारखे विकतचे प्रोग्रॅम वाईट नाहीत, पण नुसत्या डीव्हीडीसाठी पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. ब्लू-रे असेल तर गोष्ट निराळी. मॅकवाल्यांना प्लेअर आयता मिळतो, फक्त ड्राइव्ह बाहेरून जोडायचा.

व्हीएलसीत चकती लावायला ‘मीडिया’ मेनूतलं ‘ओपन डिस्क’ निवडा. सुरुवातीच्या मेनूवरच गाडी अडली तर तिथल्या ‘नो डिस्क मेनूज’च्या चौकटीत खूण करा. लग्नाच्या जुन्या चित्रीकरणात अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. ताईच्या चकतीत तर अंतरपाटसुद्धा दातेरी दिसत होता. हा चकतीचा दोष नव्हे. त्या काळचे कॅमेरे एक चित्र दोन हप्त्यांत, एकाआड एक ओळी करून टिपत. कीबोर्डवरचं ‘डी’ दाबा, डीइंटरलेस सुरू होतं आणि रेघा जातात.

याहून महाग पडू शकतो तो रीजन. डीव्हीडीच्या कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेत: भारत 5, अमेरिका 1, युरोप आणि जपान 2. न्यू जर्सीहून मावसबहिणीने आणलेली चकती लावली की विंडोज विचारतं, ड्राइव्हचा रीजन बदलू का? होकार देण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधलं ‘डीव्हीडी रीजन’ पान उघडा. किती बदल शिल्लक आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. एकूण पाचच मिळतात. ते संपले की शेवटचा रीजन कायमचा बसतो, आणि हा हिशेब ड्राइव्हच्या आत असल्यामुळे विंडोज नव्याने टाकूनही उपयोग होत नाही. बऱ्याच ड्राइव्हवर व्हीएलसी रीजन न बदलताच अशी चकती दाखवतं, म्हणून आधी त्यात लावून बघा. परदेशी चकत्यांचा ढीगच असेल तर एक स्वस्त यूएसबी ड्राइव्ह घेऊन तो त्यांच्या रीजनला कायमचा बांधून टाका.

प्लेअर नीट बसला की पहिलं काम घरच्या चकत्यांची नक्कल काढण्याचं. फोटोग्राफरने घरच्या घरी जाळलेल्या डीव्हीडीचा रंगद्रव्याचा थर वर्षांगणिक खराब होतो, मग कुठलाच प्रोग्रॅम कामी येत नाही. या चकत्यांना कुलूप नसतं. त्यातला ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर अख्खा उचलून हार्ड डिस्कवर ठेवा. नुसत्या जेमतेम जीबीच्या मोठ्या फायली उचलल्या तर चित्र मिळेल, पण मेनू आणि प्रसंगांचा क्रम शेजारच्या चिमुकल्या आयएफओ फायलींत असतो, तो मागेच राहतो. फोल्डरला नाव देताना वर्ष घाला. मामांचे नंबर मामांनाच कळतात.