घर बांधून झालं, आता सामान कोणतं आणायचं?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या मोफत पुस्तकाच्या मदतीने आपण स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बांधू शकतो. जेरार्ड बीकमन्स यांनी ते १९९९ मध्ये सुरू केले. पण बांधून झाल्यावर समोर दिसते फक्त काळी स्क्रीन! माऊसने चालवायचा डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही.

पुढचा भाग 'बियॉन्ड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' शिकवते. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या आधी काय बसवायचं, ते तिथे तीन गटांत दिलेलं असतं : आवश्यक, शिफारस केलेले, ऐच्छिक.

म्हणून आधी गरज वहीत लिहा. मुलांना मराठी टायपिंगच हवं असेल, तर साधा डेस्कटॉप, देवनागरी फॉन्ट, कीबोर्ड आणि एडिटर पुरे.

लक्षात ठेवा, इथे अपडेट आपोआप येत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपणच करायच्या. जेवढं बसवाल, तेवढं सांभाळावं लागेल.