साठीनंतर स्टूल आणि कूलर

चैत्र तापू लागला की मलकापुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. वाळा बदलणे, पंप बसवणे, वायर जोडणे ही कामे निवृत्त मंडळी हौसेने करतात. वायरमनला पैसे कशाला द्यायचे, हा हिशेब मलाही समजतो. पण साठीनंतर शरीराचा हिशेब बदललेला असतो.

मान वर करून पंखा पुसताना अनेकांना गरगरते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून उठताच रक्तदाब उतरतो व अंधारी येते. खुब्याचे हाड मोडायला दोन फुटी स्टूलही पुरते! रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डोक्याचा मार किरकोळ समजू नका. मेंदूभोवती रक्त हळूहळू साचते. दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखते, माणूस असंबद्ध बोलतो, पाय ओढत चालतो. घरचे म्हणतात, वय झाले. तेव्हा पडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कूलरचा पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय आणि २३० व्होल्टची वीज. झटक्याने बोटे आवळतात, पकड सुटत नाही, हृदयाची लय बिघडते. पाणी भरताना नुसते बटण नव्हे, प्लगच काढा. अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवा.

कुणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा.