नर्सी, घुमान आणि औंढा

जागतिकीकरणाच्या ओघात स्थानिक संस्कृती पुसली जाईल, अशी भीती वारंवार व्यक्त होते. हिंगोली जिल्ह्याचा पूर्वानुभव मात्र वेगळा आहे.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यातील. नामदेव पंजाबात गेले आणि तेथील जनांना उमजेल अशा भाषेत त्यांनी पदे रचली. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत. वारकऱ्यांचे ‘नामदेव महाराज’ शिखांचे ‘भगत नामदेव’ झाले. त्यासाठी कोणासही आपली ओळख टाकावी लागली नाही. शीख भाविक आजही नर्सीस येतात आणि २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले. संबंध दुतर्फा राहिला, हे येथे महत्त्वाचे.

नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू औंढा नागनाथ येथे भेटले, अशी परंपरा आहे. त्याच ज्योतिर्लिंगाच्या परिसरात आता जग येत आहे. अमेरिकेच्या सहकार्याने होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. हे ज्ञान मराठीतून गावापर्यंत पोहोचले नाही, तर गावाच्या वाट्यास पहारा आणि मजुरी एवढेच येईल. गुरुत्वीय लहर म्हणजे काय, हे शिक्षकांना फळ्यावर मराठीत मांडता आले पाहिजे. ग्रामपंचायतींनी त्याकरिता शास्त्रज्ञांची मराठी व्याख्याने मागून घ्यावीत, आणि तीही वेधशाळा सुरू होण्यापूर्वीच.