घरदुरुस्तीचे कौशल्य आणि स्वयंरोजगार

गेल्या दशकात देशातील सामान्य घराचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या पहिल्या पाच वर्षांत ग्रामीण भागात १० कोटींहून अधिक शौचालये बांधण्यात आली. २०१७ मधील सौभाग्य योजनेतून २ कोटी ८० लाखांहून अधिक कुटुंबांना वीजजोडणी मिळाली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन अभियानाची घोषणा झाली, तेव्हा सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळजोडणी होती. ही संख्या पुढे १५ कोटींच्या वर गेली. या सुविधांमुळे राहणीमान उंचावले, यात शंका नाही. मात्र प्रत्येक सुविधेबरोबर देखभालीची जबाबदारीही घरात येते. नळ बसविल्याची नोंद एकदाच होते, त्याच्या दुरुस्तीची गरज मात्र वर्षानुवर्षे राहते.

शौचालयाची तुंबलेली वाहिनी वेळेवर मोकळी झाली नाही तर त्याचा वापर थांबतो आणि सार्वजनिक खर्च वाया जातो. सैल झालेली वीजतार जीवघेणी ठरू शकते. गळक्या नळाचे नुकसान तर कोणालाही मोजता येते. नळाखाली ठेवलेला २०० मिलिलिटरचा पेला १५ मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला सुमारे १९ लिटर आणि वर्षाला सुमारे ७,००० लिटर पाणी वाया जाते. हे थांबविण्यासाठी अनेकदा केवळ एक वायसर बदलावा लागतो. लेखक व व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ मध्ये मुंबईजवळील मीरा रोड येथे नेमके हेच काम हाती घेतले. नळकारागिराला बरोबर घेऊन ते रविवारी घरोघरी जात आणि गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून देत. एवढ्या लहान कामासाठी कारागीर सहसा येत नाही, ही अडचण त्यांच्या उपक्रमाने समोर आणली. घरदुरुस्तीच्या व्यवसायाला वाव आहे तो याच ठिकाणी.

कामाचे स्वरूप

घरदुरुस्ती कारागीर हा एकाच विद्येतील निष्णात नसतो. नळकाम, सुतारकाम, गवंडीकाम, रंगकाम आणि विजेची किरकोळ कामे यांतील रोजच्या गरजेपुरते ज्ञान त्याच्याजवळ असते. दाराची बिजागरी बसविणे, कडी-कोयंडा बदलणे, फरशीच्या सांध्यात पांढरे सिमेंट भरणे, शौचालयाच्या टाकीतील झडप बदलणे, भिंतीला फळी लावणे अशी अर्ध्या-एक तासाची कामे हा त्याच्या व्यवसायाचा गाभा होय. शहरात वृद्ध दांपत्ये, भाडेकरू व नोकरदार कुटुंबे, तर ग्रामीण भागात शाळा, अंगणवाड्या व ग्रामपंचायती हे त्याचे स्वाभाविक ग्राहक ठरतात.

शिक्षणाचा क्रम

या कामात हात चालविण्याआधी निदान शिकावे लागते. छताचा पंखा गुणगुणतो पण फिरत नाही आणि हाताने ढकलल्यावर फिरू लागतो, अशी तक्रार असल्यास दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. त्यासाठी संपूर्ण पंखा बदलण्याची गरज नसते. भिंतीला ओल आली असता वरून रंग देणे हा उपाय नव्हे. ओल पावसाळ्यातच दिसते की बाराही महिने, ती वरून उतरते की जमिनीतून चढते, भिंतीपलीकडे स्नानगृह आहे काय, हे आधी पाहावे लागते. कारण न शोधता केलेली दुरुस्ती पुन्हा उघडी पडते आणि कारागिराचा विश्वास गमावला जातो.

नवशिक्याने प्रथम मोजमाप व अवजारे यांची ओळख करून घ्यावी. मोजपट्टी, पाणसळ, ओळंबा, हातोडी, करवत, पटाशी, पक्कड, पाने व पेचकस हा प्रारंभीचा संच पुरेसा असतो. छिद्रयंत्र नंतर घेता येते. दुसऱ्या टप्प्यात नळकाम शिकावे. नळाचे तोंड खोलण्यापूर्वी मुख्य झडप बंद करणे, टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेनेच गुंडाळणे, प्लास्टिकचा जोड गरजेपेक्षा अधिक न आवळणे या साध्या वाटणाऱ्या सवयींवर कामाचा टिकाऊपणा अवलंबून असतो. तिसऱ्या टप्प्यात सुतारकाम व गवंडीकाम आणि अखेरीस वीजकाम घ्यावे.

विजेच्या कामाची मर्यादा

आपल्या घरांतील वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो व तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून मुख्य स्विच बंद करणे, तो दुसऱ्या कोणी चालू करणार नाही याची व्यवस्था करणे आणि तारेत प्रवाह नसल्याची खात्री करणे, हा क्रम कधीही मोडू नये. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही भार शिल्लक राहू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

याबाबत कायद्याची रेषाही स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे बदलण्यास मुभा आहे. मात्र त्यामुळे मूळ जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये. नवी तार ओढणे, जोडणी वाढविणे किंवा तिच्यात फेरफार करणे ही कामे परवानाधारक ठेकेदारामार्फत व सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावी लागतात. ग्राहकाने आग्रह केला तरी अशा कामास नकार देणे आणि परवानाधारकाचे नाव सुचविणे हेच कारागिराच्या हिताचे आहे.

प्रशिक्षणाच्या सोयी

कारागीर प्रशिक्षण योजनेचा आरंभ १९५० मध्ये झाला. तिच्याअंतर्गत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळकारागिराचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर विजेच्या कामाचे प्रमुख अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. पूर्ण वेळ शिकणे शक्य नसलेल्यांसाठी जन शिक्षण संस्था उपयुक्त ठरतात. १९६७ मध्ये मुंबईतील वरळी येथे स्थापन झालेल्या पहिल्या श्रमिक विद्यापीठातून ही कल्पना पुढे आली. आज या संस्था निरक्षर, नवसाक्षर व शाळा सोडलेल्या व्यक्तींना अल्प मुदतीचे व्यवसाय शिक्षण देतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील पूर्वानुभवास मान्यता देण्याची तरतूदही महत्त्वाची आहे. वर्षानुवर्षे काम करूनही हाती कागद नसलेल्या कारागिरास तिच्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकते.

एकाच व्यक्तीने अनेक कौशल्ये शिकण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात दीर्घकाळ चालू आहे. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत विद्यार्थी प्रत्यक्ष काम करीत लोहारकाम, बांधकाम, वीज, शेती अशा विविध विषयांची ओळख करून घेतात. गावाला एका विषयातील तज्ज्ञापेक्षा अनेक कामे जाणणाऱ्या माणसाची गरज अधिक असते, हा त्यामागील विचार घरदुरुस्तीच्या क्षेत्रास तंतोतंत लागू पडतो.

दर कसा ठरवावा

अनेक कुशल कारागीर काम चांगले करूनही तोट्यात राहतात, कारण ते दर ठरविताना केवळ हात चालविल्याचा वेळ मोजतात. एक उदाहरण घेऊ. कारागिराच्या कुटुंबाला महिन्याला १८,००० रुपये लागतात. पेट्रोल, दूरध्वनी, अवजारांची झीज व विमा यांवर ४,५०० रुपये खर्च होतात. एकूण गरज २२,५०० रुपयांची झाली. महिन्याचे २५ दिवस काम मिळाले, तरी जाणे-येणे, सामान आणणे व वाट पाहणे यांत वेळ जाऊन दिवसाला पाच तासांचेच पैसे मिळतात, असे धरू. म्हणजे महिन्याला १२५ तास झाले आणि तासाचा किमान दर १८० रुपये आला. तो १०० रुपये घेत असेल, तर महिन्याची मिळकत १२,५०० रुपयेच होईल व १०,००० रुपयांची तूट येईल. सामानाची किंमत व मजुरी वेगवेगळी दाखविणे, काम सुरू करण्यापूर्वी अंदाज सांगणे, बदललेला भाग ग्राहकाला परत देणे आणि लेखी पावती देणे या गोष्टींनी दराबाबतचा संशय दूर होतो.

भांडवल व संरक्षण

या व्यवसायास दुकानाची आवश्यकता नसल्याने भांडवल कमी लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, गवंडी व कुलूप तयार करणारे यांचा समावेश आहे. पात्र कारागिरास प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. नळकाम व वीजकाम या यादीत नाहीत, हे अर्जापूर्वी लक्षात घ्यावे. उद्यम नोंदणी ऑनलाइन व विनाशुल्क असून तिच्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही.

शिडीवरून पडणे व विजेचा धक्का बसणे हे या व्यवसायातील मोठे धोके आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. प्रत्येक कारागिराने व त्याच्या मदतनिसानेही ते घेतले पाहिजे.

महिलांचा सहभाग

हे क्षेत्र पुरुषांचेच आहे, ही समजूत अनुभवाने खोटी ठरली आहे. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमांतर्गत ग्रामीण महिला हातपंप दुरुस्त करण्यास शिकल्या. पाणी भरण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांनाच पंप बंद पडल्याची निकड सर्वाधिक जाणवते, हे त्या अनुभवाचे सार होय. शहरांतही दुपारच्या वेळी घरात एकट्या असणाऱ्या गृहिणी व वृद्ध स्त्रिया महिला कारागिराचे स्वागतच करतील. बचत गटांनी दोन-तीन सदस्यांना असे प्रशिक्षण दिल्यास गटाला उत्पन्नाचे नवे साधन मिळू शकेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहाव्या इयत्तेपासून व्यावसायिक शिक्षणाचा परिचय करून देण्यावर भर दिला आहे. पाना-पक्कड हाती घेणे कमीपणाचे नाही, हा संस्कार त्यातून रुजला तर दुरुस्तीच्या कामाला योग्य प्रतिष्ठा लाभेल. नवी साधने निर्माण करण्याइतकेच, निर्माण झालेली साधने चालू ठेवणे हेही विकासाचे काम आहे. ते करणारा प्रशिक्षित कारागीर प्रत्येक गावात व वस्तीत उपलब्ध व्हावा, या दृष्टीने ग्रामपंचायती, नगरपालिका व प्रशिक्षण संस्था यांनी एकत्रित नियोजन करणे अगत्याचे आहे.