जवळ की लांब? फोनला कसे कळते

मुलांनो, भारतातल्या आजीला फोन लावताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. फोन कानाला लावला की पडदा आपोआप काळा होतो आणि खाली घेतला की पुन्हा उजळतो. तसे झाले नाही तर आपला गालच बटणे दाबतो आणि आजीचे "जेवलास का रे?" अर्ध्यावर तुटते. हे काम करतो प्रॉक्सिमिटी सेन्सर. मराठीत त्याला 'समीपता संवेदक' म्हणता येईल. समीप म्हणजे जवळ. शब्द जरा जड आहे, म्हणून या धड्यात आपण नुसते 'सेन्सर' म्हणू.

बहुतेक फोनांत वरच्या बाजूला, आवाज येतो त्या फटीजवळ, एक इवलासा दिवा असतो. तो अवरक्त किरण सोडतो. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. समोर कान असेल तर ते त्यावर आपटून परत येतात आणि शेजारचा ग्राहक ते मोजतो. पुष्कळ किरण परतले तर 'जवळ', नाही परतले तर 'लांब'. इथेच खरी गंमत आहे, कारण पांढरा कागद किरण परत पाठवतो, पण काळे कापड किंवा दाट काळे केस त्यातले बरेच गिळून टाकतात. काचेवर तेलकट बोट लागले किंवा संरक्षक काच वेडीवाकडी बसली, तर फोनला कायम कोणीतरी जवळच आहे असे वाटते. मग बोलणे संपले तरी पडदा उजळत नाही. 2016 साली आलेल्या शाओमीच्या मी मिक्स फोनात तर किरणांऐवजी श्राव्यातीत ध्वनी वापरला होता, म्हणजे वटवाघळाची युक्ती!

आता अॅप तयार करणाऱ्या मोठ्या मुलांसाठी. अॅप आधी संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवून पाहतात. ही आपल्या नाटकाची रंगीत तालीम समजा. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये सेन्सरसाठी एक सरकपट्टी असते. ती सरकवली की अंतर सेंटीमीटरमध्ये हळूहळू बदलते आणि मधले सगळे आकडे मिळतात. म्हणून वाटते, हात जवळ आणला तसतसा तबल्याचा आवाज वाढवणारे अॅप करू! एम्युलेटरमध्ये ते छान चालते. खऱ्या फोनवर मात्र बहुधा फसते, कारण अनेक फोनांचे सेन्सर दोनच उत्तरे देतात, जवळ किंवा लांब. 'लांब' असताना ते आपला कमाल आकडा सांगतात. तो पुष्कळदा 5 सेंटीमीटर असतो, पण प्रत्येक फोनात तोच असेल असे नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये 5 हा आकडा पक्का लिहू नये. आधी सेन्सरलाच त्याची कमाल मर्यादा विचारावी आणि आलेला आकडा त्याहून कमी असेल तर 'जवळ' समजावे.

आयफोनमध्ये अॅपला अंतर कळतच नाही, फक्त हो किंवा नाही एवढेच कळते. अॅपलच्या सिम्युलेटरमध्ये तर हा सेन्सरच नाही. तिथे तालमीचा प्रश्नच येत नाही, फोन हातात घ्यावाच लागतो.

सरकपट्टीला गाल नसतो, केस नसतात, घामही नसतो. मोठ्या कंपन्यांनाही हा खरा गाल त्रास देतो. 2010 साली आयफोन 4 आला तेव्हा बोलता बोलता गालाने फोन बंद होत असल्याच्या तक्रारी झाल्या. त्यावरची दुरुस्ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयओएस 4.1 मधून आली.

घरी करून पाहा (आईबाबांच्या मदतीने): आजीला फोन लावा. स्पीकर बंद ठेवा, नाहीतर पडदा काळा होणार नाही. फोन टेबलावर ठेवून शेजारी पट्टी उभी धरा. पांढरा कागद वरून हळूहळू खाली आणा आणि पडदा किती सेंटीमीटरवर काळा होतो ते वहीत लिहा. मग काळे लोकरी कापड घ्या. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर कधीकधी फटीजवळ जांभळट ठिपकाही दिसतो. आपण काय करतो आहोत ते आजीला मराठीतच सांगा, आणि 'जवळ', 'लांब', 'अंतर', 'किरण' हे शब्द वापरून पाच वाक्ये पुढच्या वर्गाला लिहून आणा.