वलयं मोजली, पण साल कुठे कळलं?



नवी मुंबईहून आमची सहल कार्ल्याच्या लेण्यांना गेली होती. चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आहेत. एका मुलीने विचारलं, "बाई, हे लाकूड कधी तोडलं ते कसं कळतं?" मी पटकन म्हणाले, "वलयं मोजून." उत्तर चुकलं. वलयं मोजून झाडाचं वय कळतं, तोडल्याचं साल नाही. म्हणून हा पाठ मी पुन्हा घेतला.

साल कळण्यासाठी वलयांचा क्रम जुळवावा लागतो. दुष्काळी वर्षी वलय अरुंद, चांगल्या वर्षी रुंद. पण भरपूर पावसाच्या प्रदेशात वलयं बऱ्याचदा सारखीच दिसतात. तिथे ऑक्सिजन मदतीला येतो. पाण्यात हलका ऑक्सिजन-१६ आणि अगदी थोडा जड ऑक्सिजन-१८ असतो. आपल्याकडे जोरदार पावसाळ्यात पाण्यातला जड ऑक्सिजन कमी होतो. कोरड्या वर्षी पानांतून हलकं पाणी आधी उडतं आणि जड मागे राहतो. ही नोंद त्या वर्षीच्या वलयातल्या सेल्युलोजमध्ये टिकते. मग जुन्या लाकडातला क्रम सालं माहीत असलेल्या क्रमाशी ताडून बघतात. मध्य इंग्लंडच्या ओक झाडांची १२०० ते २००० सालांची अशी पट्टी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

आपल्या सागालाही स्पष्ट वलयं असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे भागातल्या सागाच्या वलयांचा आणि हवामानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे हा विषय अगदी आपल्या अंगणातला!

वर्गात करून बघा: फळ्यावर २००१ ते २०१२ ची काल्पनिक पट्टी लिहा (ज = जास्त पाऊस, क = कमी):
ज क क ज ज ज क ज क क क ज

मुलांना "ज ज ज क ज" लिहिलेली चिठ्ठी द्या आणि पट्टीखाली सरकवायला सांगा. ती एकाच जागी बसते: २००४ ते २००८. आता फक्त "ज क" द्या. ती तीन ठिकाणी बसते! छोटा तुकडा फसवतो, म्हणून खऱ्या कामात बरीच वलयं लागतात, हे मुलं स्वतःच सांगतात.

शेवटी विचारा: सालीलगतची वलयं तासून टाकली असतील तर? मग झाड कधी तोडलं ते नक्की सांगता येत नाही. "अमुक सालानंतर" एवढंच म्हणता येतं.

त्या मुलीला मी वर्गात सांगितलं, "माझं उत्तर चुकलं होतं." घरी मुलांनी असा प्रश्न विचारला तर पालकांनीही "थांब, शोधूया" म्हणायला लाजू नये.